बोट मशीनमध्ये गेलं, तर कागदावर काय लिहायचं?

आज कामावरच्या दुखापतीबद्दल बोलू या. आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळच्या टेम्पोने एमआयडीसीत जातात. कुणी पॅकिंगला, कुणी प्रेस मशीनवर. बोट चेंगरलं की सुपरवायझर पट्टी बांधतो, रिक्षात बसवतो आणि हळूच सांगतो, "दवाखान्यात घरी लागलं म्हणा, उगाच कटकट नको." कटकट त्याची वाचते, पैसे आपले बुडतात.

कसे ते बघा. पगारातून पाऊण टक्का ईएसआयला कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. दुखापत कामावरची म्हणून नोंदली, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवसांसाठी सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम मिळते. तेच साधं आजारपण म्हणून नोंदलं, तर 70 टक्के, तेही 91 दिवसांपर्यंतच. रोज 400 रुपये धरला तर एकीकडे 360, दुसरीकडे 280. शिवाय आजारपणाच्या पैशांसाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. दुखापतीला ती अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. फक्त अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम करता येत नसलं पाहिजे. कामावर जाता-येताना टेम्पो उलटला, तर तोही कामावरचा अपघात ठरू शकतो.

म्हणून त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करून घ्या. आपल्याला जमत नसेल तर शेजारच्या मशीनवरच्या बाईने तोंडी कळवलं तरी चालतं. पण आमचं ऐका, लेखी अर्जही द्या आणि त्याची प्रत ठेवा. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं तेच सांगा: कुठलं मशीन, किती वाजता, सोबत कोण होतं. सुपरवायझर नंतर बदलून जातो, केसपेपर राहतो.

पुढचं बहुतेकींना ठाऊकच नसतं. जखम भरल्यावरही बोट कायमचं गेलेलं असेल, तर मेडिकल बोर्ड नुकसान ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण तर्जनीचे 14 टक्के, अंगठ्याचे 30. 360 चे 14 टक्के म्हणजे रोजचे सुमारे 50 रुपये, आणि ते आयुष्यभर! पुन्हा कामावर रुजू होऊन पूर्ण पगार मिळू लागला तरी ते बंद होत नाहीत. "आता कामावर आलीस ना, मग कसले पैसे," असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका.

ईएसआय नसेल तर? तिथे 1923 चा भरपाई कायदा होता. त्या तरतुदी आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. भरपाई मालकाने द्यायची. काम बंद असेतो दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. ठेकेदाराने हात झटकले तरी ज्याचं काम चालू होतं त्या मुख्य मालकाकडे मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा.

आणि दहा हजार हातावर ठेवून कुणी कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यात टिकत नाही. उलट बाईला एकरकमी भरपाई द्यायची असेल, तर ती मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. तशी पावती मागा.