तिसऱ्या दिवसाचा पाहुणा : 'व्हिसा-रन' म्हणजे नेमके काय?

परदेशात पर्यटक म्हणून जायचे, व्हिसाशिवाय मिळालेले दिवस संपत आले की शेजारच्या देशात एक चक्कर मारायची, आणि लगेच परत येऊन नवे दिवस पदरात पाडून घ्यायचे. या प्रकाराला 'व्हिसा-रन' किंवा 'बॉर्डर-रन' म्हणतात. आपल्या गोव्यात हा विषय काही परका नाही. हरमल-मोरजीला महिनोन्‌महिने राहणारे परदेशी आपण पाहतो, आणि आपल्याच वाड्यावरून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला ये-जा करणारेही पाहतो. कॅन्टीनमध्ये विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "काही होत नाही रे, सगळेच करतात." हे वाक्य कुठे खरे आणि कुठे महागात पडणारे, ते बघू.

थायलंड : प्रत्येक प्रवेशाला नवे दिवस

व्हिसा-रनची पंढरी म्हणजे थायलंड. १५ जुलै २०२४ पासून त्या देशाने भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत दिली. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ पासून, आपल्याला ३० दिवस मिळत होते. तिथे दिवस प्रत्येक प्रवेशाला नव्याने मोजतात. त्यामुळे लोक व्हॅनने नोंग खाईला जायचे, मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसचा शिक्का घ्यायचे आणि परत यायचे. हा धंदा इतका चालला की काही ट्रॅव्हलवाले फक्त यावरच पोट भरू लागले.

मग सरकारने एकेक खिळा ठोकायला सुरुवात केली. २०१६ च्या अखेरीस नियम आला की जमिनीवरच्या सीमेवरून व्हिसाशिवाय प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच. विमानाने येणाऱ्याला असा आकडा नव्हता, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या इमिग्रेशनने जाहीर केले की योग्य कारण नसताना दोनपेक्षा जास्त वेळा असे बाहेर जाऊन परत येणाऱ्यांना अडवले जाईल. मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, जास्तीत जास्त २०,००० बाथ. ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात, तर स्वतःहून निघालात तरी वर्षभर प्रवेशबंदी. आणि पकडले गेलात तर बंदी थेट पाच वर्षांची.

गंमत म्हणजे सरळ मार्ग तिथेच असतो. इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाथ भरून मुक्काम वाढवण्याचा अर्ज करता येतो. पण अर्ज म्हटला की कारण सांगावे लागते, आणि बऱ्याच जणांना नेमके तेच नको असते.

युरोप आणि अमेरिका : इथे चक्कर मारून फायदा नाही

सगळे देश थायलंडसारखे मोजत नाहीत. शेंगेन देशांत नियम आहे तो कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा. हे १८० दिवस जानेवारीपासून सुरू होत नाहीत. ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात, त्या दिवसापासून मागे मोजायचे. समजा, लीप वर्ष नसताना कोणी १ जानेवारी ते ३१ मार्च राहिला. त्याचे बरोबर ९० दिवस झाले. आता तो लंडनला जाऊन दुसऱ्या दिवशी पॅरिसला परत आला, तर हाती शून्य दिवस. त्याला ३० जूनपर्यंत थांबावेच लागेल. शॉर्ट-स्टे व्हिसा घेऊन जाणाऱ्या भारतीयांनाही हाच हिशोब लागू होतो. पूर्वी शिक्के पुसट असायचे, अधिकारी बोटांवर मोजायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी संगणकीय नोंद सुरू केली. संगणकाला बेरीज चुकत नाही.

अमेरिकेत काही देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ९० दिवस मिळतात (भारत त्या यादीत नाही). पण मध्येच कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आलात तर ते दिवसही साधारणपणे त्याच ९० दिवसांत धरले जातात. म्हणजे चक्कर मारली तरी घड्याळ चालूच.

इंग्लंड : आकडा नाही, पण प्रश्न आहे

आता आपल्या घराजवळचा मुद्दा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व घेता येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या पासपोर्टावर कितीतरी गोंयकार स्विंडन आणि साउथहॉलला जाऊन स्थायिक झाले. पण ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटची मुभा संपली. त्याआधी तिथे राहत असलेल्यांनी अर्ज करून आपला हक्क राखला. त्यानंतर पासपोर्ट केलेल्याला पोर्तुगालमध्ये किंवा युरोपियन युनियनमध्ये राहायचा हक्क आहे, इंग्लंडमध्ये तो फक्त पाहुणा. एका भेटीत जास्तीत जास्त सहा महिने, नोकरी करायची नाही, आणि २ एप्रिल २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन परवानगी (ईटीए) घ्यायची.

इथे एक गैरसमज पक्का बसला आहे : "सहा महिने राहा, थोडे दिवस गोव्यात या, परत सहा महिने जा." वर्षाला सहाच महिने असा आकडा ब्रिटिश नियमात नाही, हे खरे. पण नियमात असे वाक्य जरूर आहे की वारंवार किंवा लागोपाठ भेटी देऊन माणसाने तिथे राहू नये, तो देश आपले मुख्य घर बनवू नये. सीमेवरचा अधिकारी बघतो की तुम्ही किती दिवस इकडे असता, किती दिवस तिकडे, मागच्या वेळी काय कारण सांगितले होते, गोव्यात तुमचे काय आहे. ई-गेट आपोआप उघडले म्हणून कोणी काही पाहिले नाही असे समजू नये.

आमच्या वाड्यावरच्या एका आंटीची मुलगी तिकडे असते. बाळंतपण, मग बाळाची देखभाल, मग दुसऱ्याचे बाळंतपण. आंटीला कोणाला फसवायचे नाही, तिला फक्त नातवाजवळ राहायचे आहे. नातवंड सांभाळायला आजीने थोड्या काळासाठी जाणे नियमात बसते. पण तेच वर्षानुवर्षे चालले आणि आजी घरची कायमची बेबीसिटर झाली, तर तिला परत पाठवले जाऊ शकते. असे एकदा झाले की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का?' या रकान्यात 'हो' लिहावे लागते. उद्या उच्च शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या आपल्या वयाच्या मुलांना तर हा 'हो' फार जड जातो.

भारतानेही हेच केले

हे फक्त गोरे देश करतात असे नाही. आपल्याकडे व्हिसा लागतोच, पण पर्यटक व्हिसा संपला की नेपाळ किंवा श्रीलंकेला जाऊन नवा घेऊन परत येणारे परदेशी गोव्यात बरेच असत. २००९ च्या अखेरीस केंद्र सरकारने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. त्याचा त्रास इथल्या खऱ्या पर्यटकांनाही झाला, आणि २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी ती अट काढली गेली. म्हणजे पळवाट रुंद झाली की सरकार दार लावते, आणि त्या दारात साधा माणूसही चेंगरतो.

मग करायचे काय?

आपल्या भाषेत म्हण आहे : एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठे? पर्यटकाच्या शिक्क्यामागे जवळपास हेच तत्त्व आहे. शिक्का पाहुण्याला मिळतो, रहिवाशाला नाही.

म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी तपासा. तो देश दिवस कसे मोजतो : प्रवेशागणिक, मागे वळून, की अधिकाऱ्याच्या विवेकाने? नियम आज काय आहे, तोही त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर, एजंटच्या तोंडून नव्हे, कारण हे नियम वर्षा-दोन वर्षांत बदलतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, मला तिथे जायचे आहे की राहायचे आहे? राहायचे असेल तर शिक्षणाचा, कामाचा किंवा कुटुंबाचा व्हिसा शोधावा. तो मिळायला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि कधी कधी मिळतही नाही. पण तो हातात असला की विमानतळाच्या रांगेत सांगायला गोष्ट जुळवत बसावे लागत नाही.