पडद्याची रुंदी आणि टेबलाची खोली

लोणावळ्यात किंवा मावळात बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबांच्या सामानाची यादी गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी सुटीपुरते येथे येणाऱ्यांच्या घरात आरामखुर्ची, कॅरम आणि छत्र्या असत. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली. पुण्या-मुंबईची काही कुटुंबे येथे अधिक काळ राहू लागली. तळेगाव, वडगाव, कामशेत या भागांतून हिंजवडीला जाणारे अनेक जणही आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करू लागले. आता त्या यादीत इन्व्हर्टर आहे, ब्रॉडबँड आहे, आणि अलीकडे एक लांबलचक, किंचित आत वळलेला मॉनिटरही आहे. दिवसा त्यावर आईचे किंवा वडिलांचे कार्यालय चालते, रात्री त्याच पडद्यावर मुलांचा खेळ रंगतो.

या अतिरुंद, वक्र मॉनिटरविषयी दवाखान्यात दोन प्रकारची माणसे विचारतात. ‘हा घेतला तर मानेचा आणि डोळ्यांचा त्रास थांबेल का?’ असे खरेदीपूर्वी विचारणारे थोडे; आणि ‘हा घेतल्यापासून मान धरली आहे’ असे सांगणारे अधिक. दोघांनाही माझे उत्तर एकच असते. मॉनिटर हे औषधही नव्हे आणि विषही नव्हे. दुकानात आपण पडद्याची रुंदी पाहतो. आरोग्याच्या दृष्टीने मोजायची असते ती घरच्या टेबलाची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंतचे अंतर.

आकड्यांचा अर्थ

नेहमीचा चोवीस इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. चौतीस इंची अतिरुंद मॉनिटरची रुंदी सुमारे ८० सेंटिमीटर भरते; उंची मात्र साधारण ३३ सेंटिमीटर, म्हणजे सत्तावीस इंची मॉनिटरइतकीच. एकोणपन्नास इंची पडदा तर जवळजवळ १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट पसरतो.

आता आपले शरीर पाहू. समोर पाहताना डोळे दोन्ही बाजूंना साधारण पंधरा-वीस अंशांपर्यंत सहज फिरतात. त्यापलीकडे पाहायचे तर मान वळवावी लागते. ८० सेंटिमीटर रुंदीचा पडदा ६० सेंटिमीटरवर ठेवला, तर त्याची प्रत्येक कड तीसहून अधिक अंशांवर जाते. तोच पडदा ८० सेंटिमीटरवर सरकवला, की तो कोन तिशीच्या आत येतो आणि बहुतेक काम डोळ्यांच्या आवाक्यात राहते. म्हणून मी एक सोपा अडाखा सांगते : पडदा जितका रुंद, निदान तितके डोळ्यांचे अंतर. अक्षरे लहान वाटली तर ती संगणकावर मोठी करावीत. आपण पुढे झुकू नये.

येथेच टेबलाचा प्रश्न येतो. आपल्याकडची अभ्यासाची टेबले बहुधा दीड ते दोन फूट खोल असतात, म्हणजे ४५ ते ६० सेंटिमीटर. त्यातला मोठा भाग मॉनिटरचा पायाच व्यापतो. मग पडदा नाकासमोर येतो, कीबोर्ड काठावर येतो आणि कोपर हवेत लोंबकळते. उपाय खर्चिक नाहीत. टेबल भिंतीपासून ओढून घ्यावे आणि खुर्ची मागे सरकवण्यास जागा करावी. मॉनिटर टेबलाच्या मागच्या कडेला पकडणाऱ्या धातूच्या हातावर बसवता येतो. त्याने पायाची जागा मोकळी होते. हे जमत नसेल तर जेवणाचे टेबल अधिक खोल असते, ते वापरून पाहावे. एकोणपन्नास इंची पडद्याला मात्र आपल्या सर्वसाधारण खोलीत पुरेसे अंतर मिळत नाही. तो मोह टाळलेलाच बरा.

वक्रतेने काय होते, काय होत नाही

खोक्यावर ‘१८००आर’, ‘१५००आर’ किंवा ‘१०००आर’ असे लिहिलेले असते. हा त्या वळणाच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा मिलिमीटरमधील आकडा आहे. आकडा जितका लहान, तितके वळण अधिक. त्या वर्तुळाच्या मध्यावर डोळा असेल तर पडद्याचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर येतो. पण १५००आर पडद्यासाठी त्याकरिता दीड मीटर मागे बसावे लागेल. तसे कोणी बसत नाही.

तरीही थोडा लाभ होतो. चौतीस इंची सपाट पडद्यापासून आपण ६० सेंटिमीटरवर बसलो, तर कड डोळ्यापासून सुमारे ७२ सेंटिमीटरवर असते. १५००आर वळणाने ती सुमारे ६८ सेंटिमीटरवर येते. मध्यावरून कडेकडे पाहताना डोळ्यांना करावा लागणारा फेरजुळणीचा व्याप तेवढा कमी होतो आणि कडेची अक्षरे तिरपी दिसत नाहीत. पण मान वळवण्याचे काम या वळणाने वाचत नाही. वक्रता ही सोय आहे; आरोग्याची हमी नव्हे.

मानेचा खरा शत्रू : अर्धा-अर्धा पडदा

रुंद पडदा मिळाला की बहुतेक जण त्याचे दोन सारखे भाग करतात. डावीकडे एक कागदपत्र, उजवीकडे दुसरे. दिसायला हे नेटके वाटते. पण मग पडद्याच्या बरोबर मध्यावर, जेथे नाक असते, तेथे केवळ दोन खिडक्यांची शिवण उरते. दिवसभर मान एकदा इकडे, एकदा तिकडे. सरळ कधीच नाही. त्यातही मुख्य काम नेहमी डावीकडेच असेल, तर संध्याकाळी एकाच बाजूची मान, खांदा आणि पाठीचा वरचा भाग दुखू लागतो.

त्याऐवजी पडद्याचे तीन भाग करावेत. मधला भाग रुंद आणि मुख्य कामासाठी. कडेचे अरुंद भाग निरोप, दिनदर्शिका, संदर्भ यांसाठी. कडेच्या खिडकीत बराच वेळ वाचायचे असेल तर ती मध्यावर ओढून घ्यावी, किंवा मानेऐवजी खुर्चीसकट सगळे शरीर तिकडे वळवावे.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. चाळिशीनंतर येथे एक अडचण उभी राहते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. मॉनिटर उंच असला की माणूस नकळत हनुवटी वर करून त्या खालच्या भागातून पाहतो आणि मानेच्या मागे कळ येते. अशांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा. दिवसाचे सहा-आठ तास काम असेल तर संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेणे उत्तम. नेत्रतपासणीस जाताना डोळा आणि पडदा यांतील अंतर टेपने मोजून न्यावे. ‘साधारण हातभर’ या उत्तरावर अचूक नंबर काढता येत नाही.

डोळे आणि आपली खिडकी

एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्यासमोर ही संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांवरचे अश्रूंचे पातळ आवरण सुकते. चुरचुर, जडपणा आणि क्षणभर धूसर दिसणे त्यातून येते. निळा प्रकाश अडवणारे चष्मे यासाठी हौसेने घेतले जातात. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अशा भिंगांमुळे डोळ्यांचा ताण साध्या भिंगांच्या तुलनेत कमी होतो, असे आढळले नाही. ते पैसे चांगल्या खुर्चीकडे वळवावेत.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नियम साधा आणि फुकट आहे. लोणावळ्यात काहींच्या खिडकीतून नागफणीचे टोक दिसते; जुलै-ऑगस्टमध्ये ते धुक्यात हरवते, तेव्हा आवारातले झाडही पुरते. त्याच दिवसांत भरदुपारी अंधारून येते आणि घटकाभरात लख्ख उजाडते. अशा हवेत पडद्याचा उजेड एकाच पातळीवर ठेवू नये. शेजारी पांढरा कागद धरावा. पडदा त्याहून दिव्यासारखा उजळ दिसला तर उजेड कमी करावा. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नसावी, बाजूला असावी.

पावसाळ्याचे आणखी एक संकट म्हणजे बैठक. आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, फिरणे बंद होते, आणि रुंद पडद्यावर सारे काही समोरच असल्याने उठण्याचे निमित्तही उरत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठलेच पाहिजे. फोनवरचे बोलणे उभ्याने करावे, पाण्याचा तांब्या टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवावा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामाच्या गावात योगाचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. योगवर्गांत शिकवली जाणारी ब्रह्ममुद्रा, म्हणजे मान सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली नेणे, दिवसातून दोन-तीनदा करावी. चक्कर येत असेल किंवा हातात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

रात्रीचा खेळ

खेळाकडे मी केवळ व्यसन म्हणून पाहत नाही. पण दिवसा वडिलांच्या उंचीला जुळवलेल्या खुर्चीत रात्री बारा वर्षांचा मुलगा बसतो, तेव्हा त्याचे पाय लोंबकळतात आणि तो पुढे सरकून पडद्याच्या जवळ जातो. पायांखाली पाट द्यावा, खुर्ची जुळवून द्यावी आणि अंतराचा नियम त्यालाही लावावा.

रुंद पडद्यावर वेगवान खेळ खेळताना काही मुलांना मळमळते, गरगरते. बोरघाटात गाडीत मोबाइल पाहणाऱ्याला जे होते, त्याचीच ही उलटी बाजू आहे. घाटात कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वळण जाणवते, पण डोळ्यांना मोबाइल स्थिर दिसतो. खेळात डोळ्यांना वेग दिसतो आणि शरीर मात्र जागीच असते. पडदा नजरेचा जितका अधिक भाग व्यापतो, तितकी ही गफलत वाढते. मागे सरकावे, खेळ मधल्या लहान चौकटीत चालवावा, दृश्याची थरथर बंद करावी. घरात कोणाला फिट्स येत असतील तर लखलखणाऱ्या दृश्यांच्या खेळांविषयी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे; ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तासांचा आकडा नाही. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सर्व साधारण वर्षभर टिकणे, अशी त्याची लक्षणे आहेत. म्हणून ‘किती वेळ खेळतोस?’ या प्रश्नाआधी झोप, शाळा, मित्र आणि जेवण नीट आहे का, हे पाहावे. झोपेपूर्वी तासभर पडदा बंद असावा. हा नियम आई-वडिलांच्या ईमेललाही लागू असावा. शिवाय मुलांना रोज दिवसाउजेडी बाहेर काढावे. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि मोकळ्या उजेडातील वेळ लहान वयात लागणारा जवळच्या नजरेचा चष्मा लांबवण्यास मदत करतो.

सगळा दोष मॉनिटरचा नसतो

आता सर्वांत महत्त्वाचे. नवी वस्तू घरात आली की प्रत्येक दुखण्याचे खापर तिच्यावर फुटते, आणि त्यात खरा आजार लपतो. डावा खांदा किंवा हात दुखतो, पण तो खुर्चीत नव्हे, जिना किंवा गडाच्या पायऱ्या चढताना दुखतो आणि थांबल्यावर उतरतो? तर कारण मॉनिटर नव्हे, कदाचित हृदय आहे. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, घाम आणि धाप असेल तर घरी थांबूच नये. नजर कधी स्पष्ट, कधी धूसर होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे, डोळ्यांसमोर विजा चमकणे, हाताची पकड सैल होणे, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर टेबल जुळवत बसू नये.

टेबल, खुर्ची आणि अंतर नीट जुळवूनही तीन-चार आठवड्यांत मानेचा त्रास ओसरला नाही, तरीही डॉक्टरांकडे यावे. येताना आपल्या बैठकीचा बाजूने काढलेला एक फोटो आणावा. औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मला तो पाहायला आवडेल. आणि पुष्कळदा त्या चिठ्ठीवर गोळीच्या नावाआधी ‘टेबल वीस सेंटिमीटर पुढे ओढा’ एवढेच लिहावे लागेल.