इंजिन बदललं, वायरिंगचं काय?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा दात, खूर, भोवरे सगळं तपासतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली जुनी जीप घेताना मात्र बॉनेटखालच्या वायरींकडे फारसं कुणी वाकून बघत नाही.

पेट्रोल इंजिनाबरोबर कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर जातात, हीटर प्लग येतात. चार प्लग मिळून ४० अ‍ॅम्पियरच्या आसपास करंट ओढतात. जाड वायर, फ्यूज आणि रिले हवाच. हा भार जुन्या चावीच्या स्विचवर टाकणं म्हणजे आगीला आवतण.

खरी दुखणी अर्थिंगची. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. तिथून चासीला जाड अर्थपट्टी जोडली नाही, तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते आणि मेकॅनिक उगाच बॅटरी बदलायला लावतो! तापमान आणि ऑइल प्रेशरचे सेन्सर मीटरशी जुळणारेच घ्यावेत. डिझेल इंजिन बंद करायला सोलेनॉइड किंवा ओढायची केबल लागते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.