जुना मोबाइल आणि नवें ॲप

गेल्या वर्षीं आमच्या जुन्या मोबाइलवर बँकेचें ॲप चालेनासें झालें. पेन्शन जमा झालें कीं नाहीं, एवढें पाहण्यासहि नातवाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी आली. असें कां व्हावें, म्हणून ॲप रचण्याचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या पुतण्यास आम्हीं विचारलें.

त्यानें दिलेला दाखला असा : अँड्रॉइडमध्यें पूर्वीं कॅमेरा वगैरेंची परवानगी ॲप बसवितांनाच एकदम दिली जाई. २०१५ सालच्या ६ व्या आवृत्तीपासून ती प्रत्यक्ष उपयोगाच्या वेळीं मागावी लागते. या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक २३. म्हणून ॲपकर्ता प्रथम क्रमांक तपासतो. २३ किंवा अधिक असल्यास परवानगी मागावी, एरव्हीं तसेंच पुढें जावें. व्याकरणांतील उत्सर्ग व अपवाद यांचीच ही रीत !

कोणत्या आवृत्तीपर्यंत मागें जावयाचें, हें मात्र कर्ताच ठरवितो. फार जुन्या आवृत्त्यांस सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहींत. सबब मर्यादा ही हवीच. परंतु केवळ तपासणीचे श्रम वांचविण्यासाठीं वडीलधाऱ्यांस दाराबाहेर ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. एका घरांत तीन पिढ्या नांदतात, त्या एकमेकींस सांभाळून घेतात म्हणूनच.