२४,००० फुटांवरून आणि हातभर अंतरावरून

दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्याच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून काही विमानं पूर्णपणे निःशस्त्र उडायची. मूळचं अमेरिकन 'लाइटनिंग' हे दोन इंजिनांचं, दोन शेपट्यांचं लढाऊ विमान. त्याच्या नाकातल्या चार मशीनगन आणि एक तोफ काढून तिथे कॅमेरे बसवले, की ते 'एफ-५' व्हायचं. आत एकटा वैमानिक. त्याने ब्रह्मदेशावर जायचं, जपान्यांच्या ताब्यातले रेल्वेपूल, धक्के, धावपट्ट्या टिपायच्या आणि परत यायचं. वाटेत शत्रूचं विमान आडवं आलं, तर त्याच्याकडे फक्त वेग आणि उंची होती.

त्याने आणलेली फिल्म धुऊन फोटो छापणारी माणसं वेगळी. १९४४ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या परिसरात असलेला ग्लेन हेन्सली हा अमेरिकन लष्करी हवाई दलातला तंत्रज्ञ त्यांपैकी एक. ड्यूटी संपली की तो स्वतःचा कॅमेरा घेऊन बाहेर पडायचा. रस्ते, बाजार, देवळं, नदीकाठ, कामावरची माणसं यांचे त्याने काढलेले फोटो आज शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या दक्षिण आशियाच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही पाहता येतात. युद्धासाठीच्या फोटोंचं काम करणाऱ्या माणसाने काढलेले हे फोटो आहेत, आणि त्यांत युद्ध जवळजवळ नाहीच. मला याचं फार नवल वाटतं. हे नवल नीट कळायला आधी विमानातल्या कॅमेऱ्याकडे वळायला हवं.

त्या कॅमेऱ्याचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल असं आहे. भिंगाची केंद्रलांबी भागिले विमानाची उंची म्हणजे फोटोचं प्रमाण. भिंग २४ इंची, म्हणजे २ फुटांचं. विमान २४,००० फुटांवर. प्रमाण झालं १ : १२,०००. फोटोवरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे १,००० फूट. ९ इंच लांब-रुंद निगेटिव्हवर जवळपास पावणेतीन किलोमीटर बाजूचा चौकोन मावायचा, त्यातली वाट, ओढा, भातखाचरांचे बांध सगळ्यासकट. रेल्वेचा १० मीटर लांबीचा डबा त्यात मिलिमीटरहून थोडा कमी भरायचा. जाणकार माणूस भिंगाखाली तो मोजायचा, शेजारचे मोजायचा आणि सांगायचा, की काल इथे गाडी नव्हती, आज आहे.

आणि माणूस? वरून दिसणारे त्याचे खांदे अर्धा मीटर धरले, तर फोटोवर ०.०४ मिलिमीटर. त्याचा साधा ठिपकाही उठत नाही. गाव दिसायचं, गावातलं कुणीच दिसायचं नाही.

पण एका फोटोवर हे काम भागत नसे. विमान सरळ रेषेत उडत असताना कॅमेरा ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घ्यायचा, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला सुमारे ६० टक्के भाग पुन्हा यायलाच हवा, असा दंडक होता. ताशी ३०० मैलांचा वेग धरला, तर वरच्या प्रमाणाला दर आठ सेकंदांनी एक फोटो. एवढी फिल्म 'वाया' घालवण्याचं कारण आपल्या चेहऱ्यावरच आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, म्हणून प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. विमानाने आठ सेकंदांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो म्हणजे एकमेकांपासून किलोमीटरभर लांब असलेले दोन डोळेच. ते फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या साध्या चौकटीतून पाहिले, की सपाट कागदावरून टेकड्या वर उठतात, दऱ्या खाली जातात, पुलाचे खांब नदीपात्रातून उभे राहतात. डोळ्यांतलं अंतर अवाढव्य असल्यामुळे उंचीही खऱ्याहून जास्त भासते. जंगलाच्या रंगाचं जाळं पसरून झाकलेला साठा सपाट फोटोत बेमालूम मिसळून जायचा. या चौकटीखाली मात्र त्याचा फुगवटा लपायचा नाही.

सावल्यांचीही गंमत आहे. फोटो काढल्याची वेळ ठाऊक असेल, तर सूर्याचा कोन कळतो, आणि सावलीच्या लांबीवरून धुराड्याची, टाकीची, पुलाची उंची काढता येते. मात्र फोटो टेबलावर ठेवताना सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने पडतील असाच ठेवायचा. उलटा धरला तर टेकडीचा खड्डा होतो आणि नदी उंच वरंब्यासारखी दिसू लागते, कारण प्रकाश वरून येतो अशी आपल्या मेंदूची पक्की समजूत असते. उपग्रहाने काढलेला डोंगराळ भागाचा एखादा फोटो घेऊन हा प्रयोग आजही करून बघावा, क्षणभर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

एवढं सगळं शेवटी अवलंबून होतं जिलेटिनच्या एका पातळ थरावर. चांदीचे प्रकाशसंवेदी कण फिल्मवर याच थरात धरलेले असतात. फिल्म धुण्यासाठी द्रावण २० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. बंगालच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीही त्याहून कितीतरी कोमट. ऊन पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, त्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी उठते आणि फारच तापलं, तर चित्रासकट थर सुटून येतो. म्हणजे एका वैमानिकाने जीव धोक्यात घालून आणलेला पूल डार्करूमच्या तबकात विरघळून जायचा. उष्ण प्रदेशातले तंत्रज्ञ यावर बर्फ वापरत, रात्रीच्या गारव्यात काम उरकत, थर कडक करणारी तुरटीच्या जातीची रसायनं घालत. मग चित्र पक्कं करणारा हायपो धुऊन काढायचा, कारण तो कागदात राहिला, तर फोटो पुढे पिवळा पडून विरतो. १९४४ मधले काही फोटो आज लख्ख दिसतात, त्याचं श्रेय कॅमेऱ्याइतकंच घामाघूम होऊन नीट पाणी बदलणाऱ्या माणसाला द्यायला हवं.

उंचावरून टिपणाऱ्यांच्या बरोबरीने झाडांच्या शेंड्यांवरून उडणारेही होते, आणि ते आपले होते. स्क्वाड्रन लीडर मेहरसिंग यांच्या नेतृत्वाखालची भारतीय हवाई दलाची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन ब्रह्मदेशातल्या आराकानवर टेहळणी करायची. ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे, अशी तिची ख्याती झाली. मेहरसिंग यांना १९४४ मध्ये डीएसओ मिळालं. हे पदक मिळवणारे भारतीय हवाई दलातले ते एकमेव अधिकारी. ब्रह्मदेशाचे हाती असलेले नकाशे जुने होते, नद्यांनी पात्रं बदलली होती, शत्रूने नव्या वाटा पाडल्या होत्या. जंगलातल्या पायदळाला पलीकडच्या वळणावर काय आहे ते अशा फोटोंमुळे कळायचं.

आता ड्यूटीनंतर बाहेर पडणाऱ्या हेन्सलीच्या त्या छोट्या कॅमेऱ्याकडे येऊ.

लष्कराच्या फोटोला एक प्रश्न आधीच ठरवून दिलेला असायचा: पूल उभा आहे की पडला? उत्तर मिळालं, की त्या फोटोचं काम संपलं. सुट्टीतल्या फोटोला असा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या मते त्याची श्रीमंती तिथेच आहे. ज्याने तो काढला त्याला बैलगाडी गमतीची वाटली असेल; पण गाडीमागच्या भिंतीवरची जाहिरात, दुकानाची पाटी, बाईच्या लुगड्याची नेसण, ट्रामच्या पायरीवर लटकलेली पोरं, हे सगळं त्याने न मागता फिल्मवर आलं. वास्तूंचा इतिहासकार, कापडाचा अभ्यासक, वाहतुकीचा अभ्यासक, प्रत्येकाला त्यात आपापलं काही सापडतं.

हावडा पुलाचंच पाहा. आज तो कलकत्त्याची कायमची खूण वाटतो. या फोटोंमध्ये तो कोरा करकरीत आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये, ऐन युद्धात, कसलाही समारंभ न करता तो खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांच्या कारखान्यातलं, आणि सगळी जोडणी रिव्हेटची, नटबोल्ट नाहीत. परदेशी सैनिकांच्या कॅमेऱ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा टिपलं, म्हणून त्याचं बाळपण आपल्याला इतकं नीट पाहता येतं.

याच शहरात क्लाइड वॉडेल हा अमेरिकन लष्करी छायाचित्रकार होता. तो युद्धाआधी टेक्ससमध्ये वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता, इथे लॉर्ड माउंटबॅटन यांच्यासोबत काम करत होता. त्याचा ६० फोटोंचा कलकत्त्यावरचा अल्बम मित्रसैनिकांमध्ये हातोहात गेला. वॉडेलची नजर सराईत, तो चौकटीतली गोष्ट आधी जुळवतो आणि खाली चटपटीत मजकूर लिहितो. मला त्याच्यापेक्षा हेन्सलीसारख्यांचे फोटो जवळचे वाटतात. त्यांत समोरच्या माणसाला थोडा वेळ दिलेला दिसतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांच्या फोटोंबरोबर ठेवून पाहिलीच पाहिजे. हे सैनिक कलकत्त्यात भटकत होते, त्याच्या आदल्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्यात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत ३० लाखांच्या आसपास माणसं गेली. ऑगस्ट १९४३ मध्ये 'द स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी उपाशी माणसांचे फोटो छापायचं धाडस केलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला धक्का बसला. सुनील जाना खेड्यापाड्यांत फिरून फोटो काढत होते, चित्तप्रसाद चित्रं काढत होते, आणि ती मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात यायची. चित्तप्रसाद यांच्या दुष्काळावरच्या पुस्तकाच्या जवळपास सगळ्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. सैनिकांच्या अल्बममधला गजबजलेला, उन्हाने न्हायलेला बाजार खोटा नाही. पण त्या फुटपाथवर आदल्या वर्षी काय होतं, ते जाना आणि चित्तप्रसाद यांच्याकडूनच कळतं.

या फोटोंत एवढं ऊन का, यालाही तांत्रिक कारण आहे. रंगीत फोटो काढणारे बहुधा कोडॅक्रोम वापरत. १९३५ मध्ये बाजारात आलेली ही फिल्म फार मंद होती, तिची संवेदनक्षमता आजच्या मोजमापाने १० च्या आसपास. भर उन्हातच ती धड चालायची. म्हणून त्या रंगीत भारतात कायम दुपार असते. ती डार्करूममध्ये घरच्या घरी धुता येत नसे, कोडॅककडेच पाठवावी लागे. युद्धकाळात तो रोल समुद्रापार जायचा आणि आपण काय टिपलं ते सैनिकाला महिन्यांनी कळायचं. मात्र अंधारात ठेवलेले कोडॅक्रोमचे रंग विलक्षण टिकतात. ८० वर्षांनंतरही त्यांतलं लाल लालच असतं.

तारीख नसलेला फोटो कधीचा ते ओळखायच्या युक्त्या मला गुप्तहेरकथेइतक्या आवडतात. मागे अमेरिकन विमान उभं असेल तर त्यावरचा तारा पाहायचा. आधी त्याच्या मधोमध लाल ठिपका असायचा. जपानी सूर्याशी गल्लत होऊन आपल्याच माणसांनी गोळ्या झाडू नयेत, म्हणून मे १९४२ मध्ये तो काढला. १९४३ च्या मध्यावर ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आले, सुरुवातीला भोवती लाल किनार, काही महिन्यांतच ती निळी. इकडच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांनीही याच भीतीपोटी आपल्या वर्तुळातला लाल रंग पुसून निळ्याच्या दोन छटा ठेवल्या. म्हणजे रंगाऱ्याच्या ब्रशने फोटोवर नकळत तारीख घातली. उलट कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरवर 'किस्मत'चा फलक दिसला, तर त्याचा उपयोग नाही. तो सिनेमा १९४३ मध्ये लागला आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथेच होता.

फोटो कधीचा ते असं कळतं; कुठला ते ओळखणं अवघड. ब्रह्मदेशाच्या मोहिमेतले अनेक अमेरिकन आधी मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि रेल्वेने पूर्वेकडे गेले. ब्रह्मदेशात 'मेरिल्स मरॉडर्स' नावाने गाजलेली पायदळाची तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरून आधी देवळालीच्या छावणीत गेली होती. त्यांच्या वाटेवर आपली स्टेशनं होती, आपले हमाल, चहावाले, घाटातले बोगदे होते. अशा सैनिकांच्या नातवंडांनी माळ्यावरचे खोके उघडून अल्बम ग्रंथालयांना द्यायला सुरुवात केली, तशी एक अडचण पुढे आली: पुष्कळ फोटोंच्या मागे फक्त देशाचं नाव आणि साल असतं. समोरच्या माणसाचं नाव तर जवळजवळ कधीच नसतं.

पण फोटो काढणाऱ्याला ज्या पाट्या वाचता येत नव्हत्या, त्या आपल्याला येतात. बंगाली, उर्दू, गुजराती, मराठी अक्षरांतलं शिंप्याचं नाव, पेढीचं नाव, खाणावळीच्या गल्लीचं नाव तिथे स्वच्छ उभं आहे. कलकत्त्यातली हौशी मंडळी हे करतातच: पाटी वाचायची, ट्रामचे रूळ कुठे वळतात ते पाहायचं, सावलीवरून रस्त्याची दिशा ठरवायची, मग त्याच कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. सावली मोजायची ही रीत वैमानिकाच्या फोटोंवर रात्रभर वाकून बसणाऱ्या जाणकारांचीच. त्यांनी तिने पुलाचे खांब शोधले; हे लोक तिने एखाद्या पानवाल्याचं दुकान शोधतात, आणि कधीकधी ते दुकान अजून तिथेच असतं.