हसण्यावारी नेलेला प्रश्न

२०१० ते २०२५ या पंधरा वर्षांत भारतातील सामान्य माणसाची ओळख, त्याचे बँक खाते, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि त्याचे आप्तेष्टांशी होणारे बोलणे ही सारी संगणकीय जाळ्यात येऊन पोहोचली, आणि या स्थित्यंतराच्या जवळजवळ प्रत्येक बातमीमागोमाग थट्टेची व अविश्वासाची एक लाट उसळत राहिली. कायद्याचा किंवा तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना या लाटेची नोंद सहसा घेतली जात नाही. मात्र तिच्याकडे बारकाईने पाहिले असता तिच्यात तीन वेगळे प्रवाह आढळतात. पहिला प्रवाह अधिकारवाणीने केलेल्या दाव्याची परीक्षा घेणाऱ्या शंकेचा, दुसरा ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय’ असे म्हणून विषय मिटवणाऱ्या हतबल थट्टेचा, आणि तिसरा माहितीच्या अभावी अफवेचे रूप घेणाऱ्या संशयाचा. या तिन्हींपैकी केवळ पहिल्याने काही बदल घडवला, दुसऱ्याने प्रश्न हसण्यावारी नेला आणि तिसऱ्याने खऱ्या धोक्यावरून लक्ष भलतीकडे वळवले, असे या कालखंडाच्या मागोव्यातून दिसून येते.

या विषयाच्या आकलनात मराठीतील एका शब्दयोजनेने मोठा गोंधळ निर्माण केला आहे. इंग्रजीतील ‘प्रायव्हसी’साठी मराठी वृत्तपत्रांत ‘गोपनीयता’ हा शब्द रूढ झाला. परंतु गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगे, आणि लपवण्यात अपराधाची छटा सहज मिसळते, त्यामुळे ज्याने काही वावगे केले नाही त्याला गोपनीयता कशाला हवी, हा युक्तिवाद या शब्दाबरोबरच दारातून आत येतो. ‘खासगीपणा’ हा शब्द अधिक नेमका ठरतो, कारण त्यात लपवण्याचा नव्हे, तर आपल्याविषयीची कोणती गोष्ट कोणाला आणि किती सांगायची हे स्वतः ठरवण्याचा अर्थ आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी नव्हती. मूठ उघडायची की नाही हे ज्याची मूठ त्याने ठरवायचे, हे त्या म्हणीत गृहीतच आहे.

या कालखंडाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक वितरित करण्यात आले. बारा आकड्यांचा हा क्रमांक दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र यांच्याशी जोडलेला असून, समोरची व्यक्ती तीच आहे काय या प्रश्नाला मध्यवर्ती यंत्रणेकडून होकार किंवा नकार मिळवणे, ज्याला प्रमाणीकरण म्हणतात, हे त्याचे मूळ कार्य होय. पुढील काही वर्षांत या योजनेवर जो विनोद सर्वाधिक फिरला, तो कार्डावरील छायाचित्रावर होता: त्यात माणूस स्वतःलाही ओळखू येत नाही, अशी ती थट्टा होती. ती निरागस होती, पण तिने डोळ्यांना दिसणाऱ्या छायाचित्रापाशीच थांबून न दिसणाऱ्या ठशांचा प्रश्न मागे टाकला. छायाचित्र बदलता येते आणि परवलीचा शब्दही बदलता येतो, परंतु बोटाचा ठसा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला तर तो जन्मभर बदलता येत नाही, शिवाय कष्टकऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या की यंत्र त्यांना ओळखतही नाही, ही या तंत्रज्ञानाची दोन मूलभूत वैशिष्ट्ये त्या हास्यात नजरेआड झाली.

हा प्रश्न गंभीरपणे मांडण्याचे काम कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेने सुरू झाले. २०१५ मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निवाड्यांचा आधार घेऊन, भारतीय राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत अधिकारच नाही, अशी भूमिका सरकारच्या वतीने मांडली, तेव्हा प्रकरण अखेरीस नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेले. दरम्यान २०१७ साली बँक खाते, मोबाइलचे सिम आणि प्राप्तिकराचा पॅन क्रमांक आधारशी जोडण्याच्या सूचनांचा भडिमार सुरू झाला, आणि उद्या देवदर्शनाला व लग्नाच्या पंगतीलाही आधार जोडावे लागेल, या आशयाच्या विनोदांना ऊत आला. हे विनोद पहिल्या प्रवाहातील होते, कारण अतिशयोक्ती करताना त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला होता: एका कामासाठी दिलेला क्रमांक सर्व कामांसाठी का लागावा? कायद्याच्या परिभाषेत याला उद्देशमर्यादा म्हणतात, म्हणजे ज्या हेतूने माहिती घेतली त्याच हेतूपुरता तिचा वापर करण्याचे बंधन. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अधिकाराचा अंगभूत भाग असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्या प्रश्नाला घटनात्मक अधिष्ठान लाभले.

२०१८ हे वर्ष या मागोव्यात सर्वाधिक घडामोडींचे ठरते, कारण त्या एका वर्षात दावा, शंका आणि परिणाम यांची साखळी वारंवार दिसते. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’ने अवघ्या ५०० रुपयांत आधार-नोंदणीतील नाव, पत्ता इत्यादी तपशील पाहण्याची सोय मिळत असल्याचे वृत्त दिले, आधारचा कारभार पाहणाऱ्या प्राधिकरणाने माहितीची चोरी झाल्याचे नाकारले, बातमीदाराच्या नावासह गुन्हा नोंदवला गेला आणि त्यावर देशभर टीका झाली. त्यानंतर काही दिवसांतच, म्हणजे १० जानेवारीला, खरा क्रमांक उघड न करता वापरता येणारा सोळा आकडी आभासी क्रमांक प्राधिकरणाने जाहीर केला. मार्च महिन्यात ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, ही माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आड सुरक्षित आहे. या विधानावर झालेली थट्टा हा त्या काळातील लोकशिक्षणाचा उत्तम नमुना मानावा लागेल. संगणकातील माहिती भिंत चढून नव्हे, तर तारेतून आणि अधिकृत प्रवेशाच्या गैरवापरातून बाहेर पडते, ही तांत्रिक गोष्ट एरवी व्याख्यानांतूनही पोहोचली नसती, ती या हास्याने घरोघरी पोहोचवली. भिंतीलाही कान असतात, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजाला भिंतीच्या जाडीने सुरक्षितता मोजणे पटणारे नव्हते.

त्याच वर्षी २७ जुलै रोजी, मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ काम केलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयीचा अहवाल व विधेयकाचा मसुदा सरकारला सादर केला, आणि दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर करून, यावरून आपले काय नुकसान करता येते ते दाखवा, असे आव्हान दिले. काही तासांतच त्यांच्याविषयीचे विविध तपशील लोकांनी शोधून मांडले आणि काहींनी त्यांच्या खात्यात एक-एक रुपया जमा केला. हे तपशील आधारच्या संग्रहातून आलेले नाहीत, ते इतरत्र उपलब्ध होते, असे आधार प्राधिकरणाने सांगितले आणि ते म्हणणे तांत्रिकदृष्ट्या नाकारता येत नाही. परंतु शंकेखोरांचा मुद्दा निराळा होता. विखुरलेले तपशील एका धाग्यात ओवले की त्यांतून माणसाचे पूर्ण चित्र उभे राहते, आणि संग्रह न फोडताही धोका संभवतो, हे त्या एक-एक रुपयाने दाखवले होते. तीन दिवसांनी आधार प्राधिकरणाने नागरिकांना आपला क्रमांक असा जाहीर न करण्याचे आवाहन केले. पुढे २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना वैध ठरवली, पण सिम आणि बँक खात्याची जोडणी रद्द केली व खासगी कंपन्यांना आधारची मागणी करू देणारी तरतूद मोडीत काढली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतात संपूर्ण आधार कायदाच घटनाबाह्य ठरवला. आदल्या वर्षीच्या विनोदांनी विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर न्यायालयाने दिले, असे म्हणता येते.

तिसऱ्या प्रवाहाचे, म्हणजे अफवेचे रूप घेणाऱ्या संशयाचे, उदाहरणही याच वर्षात सापडते. ऑगस्टमध्ये असंख्य लोकांच्या फोनमधील संपर्कयादीत आधारचा एक जुना मदत क्रमांक न विचारता आलेला आढळला आणि सरकारने सर्वांच्या फोनमध्ये शिरकाव केल्याची हाकाटी झाली. हा क्रमांक २०१४ मध्ये अँड्रॉइड प्रणाली फोनमध्ये प्रथम बसवण्याच्या आज्ञावलीत अनवधानाने टाकला गेला होता, असा खुलासा गूगलने केला. संशयाचे मूळ निराधार नव्हते, मात्र बोट चुकीच्या दिशेने दाखवले गेले होते. व्हॉट्सॲपवर तीन खुणा दिसल्या की सरकारने संदेश वाचला असे समजावे, हा वर्षानुवर्षे फिरणारा निरोप त्याहून घातक म्हटला पाहिजे. भीती खरी असली तरी चुकीच्या ज्ञानावर उभी राहिल्यास ती माणसाला खऱ्या उपायापासून दूर नेते.

करोनाच्या काळात दोन घटना लागोपाठ घडल्या. एप्रिल २०२० मध्ये आलेले, करोनाबाधितांशी आलेला संपर्क शोधणारे आरोग्य सेतु हे सरकारी ॲप मे महिन्यात कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले गेले, टीकेनंतर सक्ती सैल झाली आणि महिनाअखेरीस त्याची आज्ञावली तपासणीसाठी खुली करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे ॲप नेमके कोणी तयार केले याचे उत्तर माहिती अधिकाराखाली मिळेना, तेव्हा केंद्रीय माहिती आयोगाने संबंधितांना कारणे दाखवा नोटिसा बजावल्या. कोट्यवधी फोनमध्ये बसलेल्या वस्तूचा निर्माता सापडत नाही, यावर खूप हसणे झाले. पण आयोगाला नोटीस काढायला लावणारी गोष्ट ते हसणे नव्हते, तर एका नागरिकाने चिकाटीने केलेला अर्ज होता. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने खासगीपणाविषयीचे नवे धोरण ८ फेब्रुवारीपर्यंत स्वीकारण्याचा आग्रह धरला, तेव्हा थट्टेच्या जोडीला लोकांनी प्रत्यक्ष कृती केली आणि सिग्नल व टेलिग्रामकडे मोठा ओघ वळला. संदेशाचा मजकूर कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाही न वाचता येणारा आहे, हे कंपनीचे म्हणणे खरे होते, मात्र कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो ही बोलण्याभोवतीची माहिती त्या कुलुपाबाहेर राहते. कंपनीला वृत्तपत्रांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या, मुदत १५ मेपर्यंत ढकलावी लागली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच प्रकरणी व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

याउलट दुसऱ्या प्रवाहाची, म्हणजे हतबल थट्टेची, कारणे मे २०२२ मधील घटनेत स्पष्ट होतात. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नये, त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दाखवणारे झाकलेले आधार वापरावे, असे निवेदन आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने २७ मे रोजी काढले आणि गैरसमजाच्या शक्यतेचे कारण देऊन ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. तोपर्यंत हॉटेल, भाडेकरार, गॅस एजन्सी, शाळाप्रवेश आणि झेरॉक्सचे दुकान अशा वाटेवर प्रत्येकाच्या अनेक प्रती पोहोचल्या होत्या, त्यामुळे आता सांगून काय उपयोग, हा विनोदाचा सूर बनला. जे घडून गेले ते परत घेता येत नाही ही जाणीव त्यात खरी होती, परंतु पुढची प्रत तरी द्यावी की नाही, हा विचार त्या सुरात बुडून गेला. फोन आपले बोलणे ऐकून जाहिराती दाखवतो, या सर्वपरिचित थट्टेचेही असेच झाले. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक ॲप तपासली, तेव्हा गुपचूप ध्वनिमुद्रण करून पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, मात्र काही ॲप पडद्यावरील हालचालींची चित्रे बाहेर पाठवत असल्याचे आढळले. लोक भिंतीचे कान शोधत राहिले आणि भिंतीच्या डोळ्यांकडे दुर्लक्ष झाले.

श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यापासून कायद्यापर्यंतचा प्रवास पाच वर्षांचा झाला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीतून फिरून २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद करणाऱ्या या कायद्याने सरकारी यंत्रणांना विस्तृत सूट दिली आणि माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीविषयीचे कलमही बदलले. म्हणजे आरोग्य सेतुच्या प्रकरणात ज्या हत्याराने शंकेला परिणाम मिळवून दिला, त्याचीच धार यामुळे कमी होण्याची भीती आहे, आणि या बदलाविरुद्ध माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी उठवलेला आवाज म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच बसवून देण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला. बातमी बाहेर येताच उठलेल्या टीकेनंतर ३ डिसेंबर २०२५ रोजी तो मागे घेण्यात आला. छायाचित्रावर हसण्यापासून सुरुवात केलेल्या समाजाने आदेशातील ‘हे काढून टाकता येईल काय’ हा नेमका मुद्दा काही दिवसांत पकडला, ही पंधरा वर्षांची कमाई लहान नाही.

या सर्व प्रसंगांची तुलना केली असता एक सूत्र हाती लागते. ज्या वेळी थट्टेने एखादा ठराविक दावा, ठराविक तारीख किंवा ठराविक आदेश समोर ठेवला आणि तिच्या मागोमाग याचिका, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा ॲप सोडून देण्याची कृती आली, त्या वेळी सत्तेला व कंपन्यांना पाऊल मागे घ्यावे लागले. जिथे थट्टा स्वतःच्या असहायतेवर येऊन थांबली, तिथे काहीही बदलले नाही. आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा अधिकार नव्या कायद्याने नागरिकाला दिला असून, त्याची अंमलबजावणी नियमांच्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी सुरू व्हायची आहे. त्या अधिकाराचे भवितव्य कायद्याच्या पुस्तकाइतकेच प्रत्येक खिडकीपाशी ठरणार आहे, जिथे आधारची झेरॉक्स मागितली जाते आणि ती मुकाट्याने पुढे करण्याआधी ‘कशासाठी हवी?’ एवढे विचारण्याची सवय समाजाला अजून लावून घ्यायची आहे.