अनाकलनीय दंतवेदना आणि बोटुलिनम विषाचा उपचार

प्रस्तावना

दात दुखतो म्हणजे दातातच दोष असणार, असे सर्वसामान्यपणे गृहीत धरले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. तथापि काही रुग्णांच्या बाबतीत कीड नाही, तडा नाही, हिरडीला सूज नाही, क्ष-किरण चित्रातही काही आढळत नाही. आणि तरीही एखादी दाढ महिनोन् महिने ठणकत राहते. पूर्वी या विकारास ‘अटिपिकल ओडोन्टॅल्जिया’ म्हणत. मुख व चेहरा यांच्या वेदनांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात त्याची नोंद दात व हिरडीच्या परिसरातील चिवट, अज्ञातहेतुक वेदना अशी केली आहे. ही वेदना रोज २ तासांहून अधिक व ३ महिन्यांहून अधिक काळ टिकावी, असा निकष आहे. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

वेदनेचे स्थान

या विकाराची खरी हानी चुकीच्या उपचारातून होते. रुग्ण एका दाताकडे बोट दाखवतो. त्या दाताचे रूट कॅनाल होते. वेदना थांबत नाही, म्हणून दात काढला जातो. मग ती शेजारच्या दातात किंवा रिकाम्या हिरडीतच जाणवू लागते, आणि निरोगी दात एकामागून एक गमावले जातात. ‘दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल चेता व मेंदूतील तिची केंद्रे अतिसंवेदनशील झालेली असतात, असे आज मानले जाते. रूट कॅनाल करताना किंवा दात काढताना सूक्ष्म चेतातंतू तुटतातच. त्यामुळे प्रत्येक नवी शस्त्रक्रिया या बिघाडात भर घालू शकते. दात बधिर करूनही वेदना पूर्णपणे न थांबणे ही निदानातील एक महत्त्वाची खूण होय.

विषाचे कार्य

बोटुलिनम विषाच्या औषधी उपयोगाची कल्पना नवी नाही. खराब झालेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे वर्णन जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर (हे कवीही होते) यांनी १८२० च्या सुमारास केले आणि त्या विषाचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, असेही सुचवले. प्रत्यक्षात अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांचे आकुंचन यांसाठी त्यास मान्यता मिळाली. ‘अ’ प्रकारचे हे विष चेतातंतूच्या टोकाशी असलेले स्नॅप-२५ हे प्रथिन तोडते. परिणामी अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडत नाही व स्नायू शिथिल होतो. मानेच्या स्नायूंच्या विकारात मात्र स्नायू सैल होण्यापूर्वीच वेदना कमी होत असल्याचे आढळले. सबस्टन्स पी, सीजीआरपी, ग्लुटामेट यांसारख्या वेदनावाहक द्रव्यांचे स्रवणही हे विष रोखते, असे पुढे प्रयोगांतून दिसले. दीर्घकालीन अर्धशिशीसाठी २०१० मध्ये अमेरिकेत मिळालेली मान्यता या विषाच्या वेदनाशामक उपयोगातील महत्त्वाचा टप्पा ठरली.

पुरावा किती?

दंतवेदनेसाठी हे इंजेक्शन वेदनेच्या जागी, हिरडीत अल्प मात्रेत देतात. स्पेनमधील चेतातज्ज्ञांनी २०१६ मध्ये अशा ४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना लक्षणीय आराम पडला. परंतु चार रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, पुराव्याची दिशा होय. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि जुनाट वेदना आपोआपही कमी-अधिक होत असते. शिवाय सुईवरील विश्वासाचाही परिणाम असतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जियासंबंधी यादृच्छिक चाचण्या झाल्या आहेत, पण विजेच्या झटक्यासारखी ती वेदना वेगळी असून तिचे निष्कर्ष येथे सरसकट लावता येत नाहीत.

म्हणूनच अमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन किंवा हिरडीवर लावावयाचे लिडोकेन यांचा विचार आधी केला जातो. त्यांनी गुण न आल्यास किंवा ती सोसवत नसल्यास या इंजेक्शनचा विचार होऊ शकतो. तोही दातातील बारीक तडा, सायनसचा दाह व जबड्यात उमटणारे हृदयाचे दुखणे या शक्यता वगळल्यानंतरच. इंजेक्शनचा परिणाम साधारणतः काही महिन्यांत ओसरतो व ते पुन्हा द्यावे लागते. औषध लगतच्या स्नायूंत पसरल्यास हसताना ओठ एका बाजूस झुकतो. हा दोषही तात्पुरता असतो. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायुदौर्बल्याचा विकार असणाऱ्यांना मात्र हे इंजेक्शन सहसा देत नाहीत.